दम सुधारला, नडगी मागे राहिली

प्रश्न : ताई, माझं वय ३९. सात आठवड्यांपूर्वी पळायला लागलो. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत धाप लागली होती. आता न थांबता ५ किलोमीटर ३३ मिनिटांत होतात. म्हणून आठवड्यातले तीन दिवस होते त्याचे पाच केले. आता दोन्ही नडग्यांच्या आतल्या कडेला दुखतं. पळताना थोड्या वेळानं कमी होतं, पण घरी जिना उतरताना पुन्हा जाणवतं. बूट बदलू का? वेग किती ठेवू? आणि दर आठवड्याला १० टक्केच अंतर वाढवायचं, हा नियम खरा का?

उत्तर : बुटांचं शेवटी बघू. ‘तीनाचे पाच केले’ या वाक्याखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली आहे.

सातवा आठवडा फसवा असतो. हृदय, फुफ्फुसं पटकन सरावतात, दम लागेनासा होतो आणि वाटतं, जमलं! हाडांचं काम मात्र संथ. ताण पडला की शरीर आधी हाडाचा जुना भाग पोखरून काढतं आणि मग नवा भरतं. पोखरणं काही आठवड्यांत उरकतं, भरायला महिने लागतात. म्हणजे छाती ‘चल’ म्हणत असते तेव्हा नडगीत दुरुस्ती चाललेली असते.

हे मी ४६व्या वर्षी शिकले, तेही हट्टानं. एक गृहस्थ मला रोज मागे टाकायचे, त्यांना गाठायचं म्हणून वेग वाढवला. नडगीवर एकाच जागी बोट ठेवलं की कळ यायची, तरी दोन आठवडे पळत राहिले. एक्स-रेत काही दिसलं नाही, एमआरआयमध्ये हाडाला ताणानं झालेली इजा दिसली. आठ आठवडे पळणं बंद.

म्हणून आज एवढं करा : नडगीवरून बोट फिरवा. दुखणं कडेनं लांबवर पसरलेलं असेल, तर हा नवख्यांचा नेहमीचा त्रास. बहुधा विश्रांतीनं आणि भार कमी केल्यानं बसतो. पण नेमक्या एका बिंदूवर कळ आली, एका पायावर उडी मारताना दुखलं किंवा रात्री झोपेत ठणकलं, तर पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. तिथे माझा सल्ला चालायचा नाही.

वेगासाठी मी पळताना मोठ्यानं सतराचा पाढा म्हणते. (लोक बघतात. बघू देत.) दोन-तीन ओळी एका दमात आल्या तर वेग बरोबर. ‘सतरा दुणे चौतीस’ म्हणून लगेच श्वास घ्यावा लागला, तर जास्त. तुमच्या ५ किलोमीटरना ३८-४० मिनिटं लागतील असा माझा अंदाज. लाज वाटेल, पण काही आठवडे काढा. दुखणं शमेपर्यंत नुसतं चाला किंवा सायकल चालवा. मग एक दिवसाआड, तीन मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं. चालणं म्हणजे हरणं नव्हे, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर! पावलं लांब टाकू नका. आखूड आणि भरभर टाकली की गुडघ्यावरचा भार कमी होतो.

१० टक्क्यांचं म्हणाल, तर नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथल्या संशोधकांनी नवख्या धावकांचे दोन गट केले होते. एकाला याच १० टक्क्यांच्या नियमानं १३ आठवडे सावकाश वाढवत नेलं, दुसऱ्याला ८ आठवड्यांतच तयार केलं. निष्कर्ष २००८ साली आले : दोन्ही गटांत पाचातल्या साधारण एकाला दुखापत झालीच. तेव्हा टक्केवारीला कवच समजू नका. मी तर आठवड्यात एकच गोष्ट वाढवते : दिवस, अंतर किंवा वेग. आणि सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं दुखली, तर त्या दिवशी पळत नाही.

बूट चावत नसतील, तळवा झिजला नसेल, तर तेच चालू द्या.