ग्रंथालयाचा तास वर्गाला कधी आणि कसा द्यावा?

मॅडम, तुमच्या द्वितीय वर्ष बी.ए.च्या ६० मुलांना अर्थशास्त्राचा क्षेत्रीय प्रकल्प करायचा आहे. संदर्भ कसे शोधायचे यावर ग्रंथपालांचा एक तास ठेवायचा तर तो जूनमध्येच उरकावा का, असं तुम्ही विचारलंय. मी तालुक्याच्या महाविद्यालयात वीसहून अधिक वर्षं ग्रंथपाल आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जूनमध्ये नको. तेव्हा मुलांकडे शोधण्यासारखं काही नसतं, सांगितलेलं सगळं डोक्यावरून जातं. विषय वाटून झाले की आठ-दहा दिवसांनी तास ठेवा. तोवर मुलांनी मोबाईलवर शोधून पाहिलेलं असतं आणि ती अडलेली असतात. मग ती स्वतःहून विचारतात.

ग्रंथपालांना स्टाफरूममध्ये नुसतं "एक लेक्चर घ्या ना" असं सांगू नका. प्रकल्पाच्या सूचना आणि विषयांची यादी दोन आठवडे आधी हातात द्या. त्याच वेळी मुलांची नावं आणि ईमेलही द्या. महाविद्यालय एन-लिस्टचं (महाविद्यालयांना ऑनलाइन पुस्तकं-नियतकालिकं वाचायला देणारी सेवा) सभासद असेल तर प्रत्येकाचं लॉगिन आधी तयार व्हावं लागतं. ईमेलमधलं एक अक्षर चुकलं तरी ते मूल तासभर शेजाऱ्याच्या पडद्याकडे बघत बसतं, हे मी अनेकदा पाहिलंय. साठ जणांना एकत्र बसवू नका. संगणक कक्षात वीस-वीसच्या तीन बॅचेस करा.

तासात काय घ्यायचं? साइट्सची यादी वाचून दाखवायची नाही. मुलांचाच एक विषय घ्यायचा. समजा, 'मराठवाड्यातील दुष्काळ आणि स्थलांतर'. मुलं हे अख्खं शीर्षक टाकतात आणि "काहीच नाही" म्हणून मोकळी होतात. मी फळ्यावर शब्द लिहून घेते: दुष्काळ, अवर्षण, पाणीटंचाई, चारा छावणी, ऊसतोड. मग यांना इंग्रजीत काय म्हणतात ते. मग जिल्ह्यांची नावं, आणि इथे खरी गंमत येते. धाराशिववर शोधायचं तर उस्मानाबाद टाकावंच लागतं, छत्रपती संभाजीनगरसाठी औरंगाबाद, कारण २०२३ पूर्वीचं लेखन जुन्या नावांनीच नोंदलेलं आहे. बीडच्या जुन्या इंग्रजी गॅझेटिअरवर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) तर 'भीर' असं छापलंय. १९७२चा दुष्काळ शोधता शोधता मुलं रोजगार हमी योजनेपर्यंत पोचतात, आणि कधीकधी तिथेच प्रकल्पाचा विषय बदलून नेमका होतो. या शब्दांच्या खेळाला वीस मिनिटं गेली तरी जाऊ द्या.

उरलेल्या वेळात मुलांचे हात कीबोर्डवर हवेत. आधी आपल्या ग्रंथालयाचा ओपॅक, म्हणजे संगणकावरची पुस्तकांची सूची, मग शोधगंगा ही वेबसाइट. तिथे पीएच.डी.चे प्रबंध मोफत वाचता येतात, मराठीतलेही आहेत. अख्खा प्रबंध वाचायची गरज नाही. शेवटची संदर्भसूची उघडायला शिकवा, तिथून पुढची वाट सापडते. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलांना राज्य सरकारची 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' दाखवा. ती दरवर्षी मराठीतही निघते, आणि जिल्हावार आकडे बघून मुलांचे चेहरे खुलतात.

आणि एक कळकळीची विनंती: तासाला तुम्ही स्वतः थांबा. प्राध्यापक वर्ग सोपवून निघून गेले की मुलं हा तास ऑफ समजतात. शिवाय एखादा लेख प्रकल्पाला चालेल की नाही, हे विषय शिकवणाऱ्यानेच सांगायचं असतं. मी शोधून देऊ शकते, पण अर्थशास्त्राचा निवाडा माझा नव्हे.

पुढच्या आठवड्यात प्रत्येकाकडून पाच संदर्भ लिहून घ्या. प्रत्येक संदर्भापुढे तो कुठे आणि कोणता शब्द टाकून मिळाला तेही लिहायला लावा, आणि त्याला दोन-चार गुण ठेवा. ते कागद ग्रंथपालांनाही दाखवा. कोणती मुलं अजून अडली आहेत हे त्यावरून लगेच कळतं. माझ्याकडे तरी अशी पाच-सहा निघतातच, आणि त्यांना मी दुपारी टेबलापाशी बोलावून घेते.