कोल्हापुरात आग्नेय आशियावर व्याख्यानमाला आहे. उसाच्या शेतकऱ्याच्या घरातल्या, बी.कॉम.च्या पोराला त्यातलं काही कळेल का?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजात तीन दिवस 'आग्नेय आशिया : समाज, संस्कृती आणि आर्थिक विकास' अशी व्याख्यानं आहेत, घरी चार एकर ऊस आहे, आणि मित्र म्हणतात, तिथं जाऊन झोपायचंय का. जावं की नको?

जावा की! आपल्या कोल्हापुरी 'जावा'नेच उत्तर देतो, कारण त्या भागातलं, आजच्या इंडोनेशियातलं, जे बेट तुमच्या कामाचं आहे त्याचं नावही जावाच आहे.

मी एका कारखान्याच्या शेतकी खात्यात चौतीस वर्षं काढली. चिटबॉय म्हणून लागलो, ओव्हरसिअर म्हणून बाहेर पडलो. शिक्षण तुमच्यापेक्षा कमीच. रिटायर झाल्यावर वेळ जात नव्हता म्हणून अशाच एका व्याख्यानमालेला जाऊन बसलो. पहिल्या दिवशी मीही झोपलो, खोटं कशाला बोलू? दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ यात पाऊण तास गेला. मग नकाशा आला. ब्रह्मदेशापासून फिलिपीन्सपर्यंत बोट फिरलं. 'आग्नेय आशिया' हे नाव रूढ झालं ते दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली दोस्त राष्ट्रांनी माउंटबॅटनच्या हाताखाली त्या नावाची लष्करी कमांड उभी केली तेव्हापासून, एवढं कानावर पडलं आणि डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी वक्ते बोलता बोलता 'पीओजे २८७८' म्हणाले आणि मी ताठ बसलो. हा उसाचा वाण. पीओजे म्हणजे पूर्व जावातलं ऊस संशोधन केंद्र, पासुरुआन गावचं. डच काळात तिथं १९२१ च्या सुमारास नेहमीच्या उसात रानटी उसाचं रक्त मिसळून हा वाण काढला. रोगाला दाद देत नव्हता आणि साखरेचा उताराही चांगला. १९३० येईपर्यंत जावातलं बहुतेक सगळं ऊसक्षेत्र या एका वाणाखाली गेलं. आता घरी आजोबा असतील तर त्यांना '४१९' विचारा. कोइमतूरच्या केंद्राचा को-४१९, आमच्या वडिलांचा आवडता ऊस. त्याचं आईकडचं घराणं म्हणजे हाच पीओजे २८७८. आमच्या मळ्यात जावाची लेक नांदत होती आणि जन्मभर उसात काम करून मला ते त्या सभागृहात कळलं.

तिथून पुढं मी वही काढली. त्यातलं थोडं सांगतो, म्हणजे काय ऐकायला मिळतं याचा अंदाज येईल.

डचांनी १८३० साली जावात एक पद्धत आणली. गव्हर्नर जनरल व्हान डेन बॉश. गावाने आपल्या जमिनीच्या पाचव्या हिश्शावर सरकारला हवं ते पीक घ्यायचं, ऊस, नीळ, आणि डोंगरात कॉफी. कागदावर पाचवा हिस्सा, प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी जास्त. त्या पैशातून हॉलंडचं सरकारी कर्ज फिटलं, आणि जावाच्या काही भागात दुष्काळ पडले. १८७० नंतर सक्ती हळूहळू गेली आणि खासगी कारखाने आले. पण त्यांनीही जमीन विकत घेतली नाही, तसा कायदाच होता. ते गावाकडून भातशेती खंडाने घ्यायचे. साधारण तिसरा हिस्सा एका वेळी, पाळीपाळीने. ऊस निघाला की जमीन परत भाताला. म्हणजे त्याच चिखलात, त्याच पाटाच्या पाण्यावर, एकदा भात आणि एकदा ऊस. आणि ज्याची जमीन तोच कारखान्याच्या रोजावर आपल्याच वाफ्यात सऱ्या खोदणार.

इथं मला आपल्या सहकारी कारखान्याचा सभासद शेतकरी आठवला. आपल्याकडं वार्षिक सभेत चेअरमनला तोंडावर बोलता येतं. माईक ओढतात, गोंधळ होतो, पेपरात फोटो येतो. पण बोलता येतं. तिथल्या शेतकऱ्याला गाऱ्हाणं घालायला गावचा मुखियाच, आणि त्याला ऊसक्षेत्र मिळवून दिल्याबद्दल कमिशन मिळत असे. ऊस तोच, पाणी तसंच, फरक कारखाना कुणाचा यात. (आपल्याकडं सगळं गोड आहे असं नाही. बीडहून येणारी तोडणीची टोळी आपल्या कुठल्या कारखान्याची सभासद आहे, ते मला सांगा.)

पुढची गोष्ट तर थेट आपल्या दारात येते. जावाच्या साखरेचं मोठं गिऱ्हाईक भारत होता. आमची आजी पांढऱ्या साखरेला 'मोरस' म्हणायची, म्हणजे मॉरिशसची. बाहेरून साखर यायची याची ती खूण. जगभर मंदी आली, आणि १९३२ साली भारतात साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला. आयात साखरेवर जबर जकात बसली. देशात तीसेक कारखाने होते, ते तीन-चार वर्षांत शंभराच्या वर गेले. कसबा बावड्याचा कारखाना त्याच दशकातला. त्याच काळात जावातल्या धुराड्या एकामागून एक थंड होत होत्या. आज इंडोनेशिया जगातल्या मोठ्या साखर आयातदारांपैकी एक आहे. आपल्याकडं हंगाम सुरू झाल्याचा भोंगा वाजला तेव्हा तिकडं कुणाच्या तरी पोटावर पाय आला होता, हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

मग समाजाचा भाग. क्लिफर्ड गिर्ट्झ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये मांडलं की जावातला शेतकरी वाढत्या माणसांना त्याच भातशेतीत सामावून घेत गेला, अधिक हात, अधिक मशागत, आणि गरिबीही सगळ्यांनी वाटून घेतली. पुढं इतर अभ्यासकांनी याला हरकत घेतली, की गावात जमीनवाले आणि भूमिहीन आधीपासून होते, वाटणी काही सारखी नव्हती. मला हरकत घेणारे पटतात, कारण मी गाव बघितलंय. पण कापणीचं उदाहरण ऐका. तिथल्या बाया मुठीत मावेल असं छोटं पातं घेऊन एकेक लोंबी कापत. आणि-आणि म्हणतात त्याला. धान्याची देवी श्री, तिला धाक वाटू नये म्हणून पातं लपवून. जी बाई येईल तिला कापलेल्या भातात वाटा. १९७० च्या आसपास बुटकं, जास्त पिकणारं भात आलं. मालक उभं पीक व्यापाऱ्याला विकू लागले, व्यापारी आपली विळेवाली टोळी आणू लागला. पाठोपाठ भाताच्या गिरण्या आल्या आणि कांडणाची कामंही गेली. वाटा घेणाऱ्या बायांचं काय झालं, ते उत्पादनाच्या आकड्यात दिसत नाही. १९८४ मध्ये इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण झाला हे मात्र दिसतं.

आणि शेतीशाळा! कृषी सहायक बांधावर लोकांना जमवून कीड मोजायला लावतात, ती. तिचा उगम जावातलाच. भातावर तपकिरी तुडतुडे इतके माजले की १९८६ साली तिथल्या सरकारने भातावरची ५७ कीटकनाशकं एका झटक्यात बंद केली. औषधाने तुडतुड्यांना खाणारे कोळीच मरत होते. मग १९८९ पासून मध्य जावाच्या भागात शेतकऱ्यांच्या शाळा शेतातच भरू लागल्या.

संस्कृतीच्या व्याख्यानाला जरा सावध बसा. एक प्रकारचे वक्ते येतात, त्यांचं सगळं भाषण 'आपलं रामायण-महाभारत तिकडं पोचलं' यावरच संपतं. टाळ्याही मिळतात. पण जावाच्या छायाबाहुल्यांच्या खेळात, वायांगमध्ये, द्रौपदी एकट्या धर्मराजाची बायको आहे. आणि पांडवांची सेवा करणारा सेमार नावाचा जाडा विदूषक आपल्या महाभारतात कुठंच नाही; तिथं मात्र तो देवांनाही चार शब्द सुनावतो. मला ही फरकाची जागा जास्त आवडली. आपल्याकडं कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्या नाचवतात. आधी ते बघून या, मग व्याख्यानातल्या चित्रफितीत काय वेगळं आहे ते तुमचं तुम्हाला दिसेल.

तिसऱ्या दिवशी आर्थिक विकास. बी.कॉम. असल्याने तुम्हाला तो माझ्यापेक्षा सोपा जाईल. जुलै १९९७ मध्ये थायलंडने आपल्या चलनाची, बाटची, डॉलरशी घातलेली गाठ सोडली, तिथून घसरगुंडी इंडोनेशियापर्यंत आली, आणि मे १९९८ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष सुहार्तो बत्तीस वर्षांची सत्ता सोडून गेले, एवढं आधी वाचून ठेवा. तुम्ही लिहिलंय त्यात सगळा प्रदेश समजून घ्यायचा असं आहे. ते डोक्यातून काढा. अकरा देश तीन संध्याकाळींत कुणालाच समजत नाहीत. घरचं एक काहीतरी हातात धरा, ऊस धरा, नाहीतर भात, आणि तेवढ्याच्या मागं जा.

प्रश्नोत्तरात लाजू नका. मी विचारलं होतं, जावात उसाचा वजनकाटा कुणाच्या ताब्यात असायचा? मागच्या रांगेतली पोरं हसली. वक्त्यांनी उत्तर दिलं, की ऊस वजन करून घ्यायचा प्रश्नच नव्हता, कारखान्याने शेत खंडाने घेतलेलं, पीक त्याचंच. काटामारीची सोयच नव्हती हो!

पहिल्या दिवशी अर्धा तास उशिरा गेलात तरी चालेल, सत्कारच चालू असतील. दुसऱ्या दिवशी मात्र वेळेवर जावा, आणि पंख्याखाली बसू नका.