जळगावात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. डिजिटल प्रॉडक्ट डिझायनर व्हायचंय. काय शिकू, कोणतं टूल घेऊ?

नक्की होशील. टूल म्हणशील तर फिग्मा, म्हणजे अ‍ॅपचे स्क्रीन आखायचं सॉफ्टवेअर. ब्राउझरमध्ये चालतं, शिकण्यापुरतं फुकट आहे, रोज बसलास तर लवकर हात बसतो. खरा वेळ लागतो तो नजर तयार व्हायला.

मी रावेरकडचा. माझं पहिलं काम केळीची गाडी भरताना वजन टिपायचं अ‍ॅप. माझ्या लॅपटॉपवर फिकट राखाडी अक्षरं फार देखणी दिसायची. मे महिन्यात बांधावर काकांच्या हातात मोबाइल दिला, तर उन्हात त्यांना आकडाच दिसेना. वर 'केळी'ची वेलांटी अर्धी कापलेली, कारण ओळींची उंची मी इंग्रजी अक्षरांच्या मापाने ठेवली होती. तेव्हापासून दोन आकडे पाठ आहेत: साध्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, किमान ४.५:१, आणि अँड्रॉइडवर बोट लावायची जागा किमान ४८ डीपी (डीपी हे अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप). मुक्ता, नोटो हे देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात, तेच वापर.

अहिराणी किंवा लेवा बोली येत असेल तर ते भांडवल समज. माणूस आपल्या बोलीत अडचण मोकळेपणी सांगतो, आणि ती ऐकणं हेच निम्मं काम.

पोर्टफोलिओत तीनच कामं ठेव, पण कुठे चुकलास आणि काय बदललंस तेही लिही. एम.डेस., म्हणजे डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी, करायची असेल तर सीईईडी ही प्रवेश परीक्षा दे. ती आयआयटी मुंबई घेते आणि तिला बसायला बी.कॉम. चालतं.