पासपोर्ट बदलला की मुलगा परका होतो का?

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला सल्ल्यासाठी येणाऱ्या बऱ्याच घरांनी विचारला आहे. कधी आई विचारते, कधी वडील, आणि एकदा तर आजी खास पंचवटीतून रिक्षा करून विचारायला आली होती. आई किंवा वडील परदेशात जन्मलेले असतात, तिकडचं नागरिकत्व मुलाला मिळू शकतं असं कोणीतरी सांगतं, आणि घरात अबोला सुरू होतो. त्यातल्या एका घराची गोष्ट तिघांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, अंबडच्या एका कारखान्यात इंजिनिअर. वडील नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, प्रेस म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेस. १९२५ पासून तिथे सरकारी छपाई चालते, आणि आपल्या सगळ्यांचे पासपोर्ट तिथेच छापले जातात. आई गृहिणी. तिचा जन्म १९७० साली इंग्लंडमधल्या लेस्टरचा. तिचे वडील डॉक्टर, पुढचं शिकायला गेले होते. ती चार वर्षांची असताना सगळे नाशिकला परतले. त्या चार वर्षांबद्दल घरात कधी कोणी बोललंच नव्हतं.

मुलाला हे सगळं कळलं एका एजंटकडून. एजंट म्हणाला, तू आत्ताच ब्रिटिश आहेस, फक्त पासपोर्ट काढायचा बाकी आहे. एवढं त्याने खरं सांगितलं. पुढे तो म्हणाला, महिन्याभरात अर्ज टाक, नाहीतर नियम बदलतील. युरोपभर कुठेही नोकरी करता येईल. आणि भारताचा पासपोर्टही गुपचूप ठेवता येईल. हे तिन्ही चुकीचं होतं, आणि या तीन वाक्यांनी घरची झोप उडाली होती.

पहिल्या दिवशी वडील माझ्यासमोर हाताची घडी घालून बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मॅडम, चौतीस वर्षं गेटवर झडती देऊन आत गेलो आणि झडती देऊन बाहेर आलो. ज्या पुस्तकासाठी हे केलं, ते हा सरकारला परत करणार."

मुलगा खाली बघत होता. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

अशा वेळी मी भावनांपासून सुरुवात करत नाही. अर्धवट माहिती असली की माणसं भलत्याच गोष्टीसाठी रडतात, हे मी पाहिलं आहे. म्हणून आधी कागद काय सांगतात ते टेबलावर ठेवते. मी वकील नाही, सही करण्याआधी वकिलाकडे जायला सांगतेच. पण घरात सगळ्यांना एकच माहिती असली पाहिजे.

तर इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे १ जानेवारी १९८३ पूर्वी तिथे जन्मलेलं मूल जन्मानेच तिथलं नागरिक, परक्या देशाच्या वकिलातीतल्या अधिकाऱ्यांच्या मुलांसारखे अपवाद सोडले तर. म्हणून आई ब्रिटिश. मुलगा १९९७ चा, म्हणजे त्या तारखेनंतरचा. त्यामुळे तो नाशिकला जन्मला तरी आईकडून आपोआप ब्रिटिश. तो १९८० साली जन्मला असता तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा हा हक्क फक्त वडिलांकडून मिळायचा, आणि आईकडून मागायचा तर आज वेगळा नोंदणी अर्ज करावा लागतो. उद्या त्याचं स्वतःचं मूल नाशिकला जन्मलं, तर त्याला मात्र हा हक्क सहसा पुढे जात नाही.

यात अर्जाला मुदत कुठेच नाही. जो जन्मापासून नागरिक आहे, त्याला पासपोर्ट यंदा काढला काय आणि पाच वर्षांनी काढला काय, सारखंच. हे ऐकलं तेव्हा मुलाचे खांदे मला दिसतील एवढे खाली आले.

युरोपचं म्हणाल तर ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला युरोपीय संघातून बाहेर पडलं, आणि त्या वर्षाच्या अखेरीस तिथल्या लोकांचा युरोपभर मोकळेपणाने राहण्याचा-नोकरीचा हक्कही संपला. आता ब्रिटन आणि आयर्लंड, एवढंच. दोन पासपोर्ट खिशात ठेवणं तर आपल्याकडे चालतच नाही. परदेशी पासपोर्ट घेतला की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं आणि आपला पासपोर्ट जमा करावा लागतो. लपवून वापरला तर दंड आहे. मग ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड घेता येतं, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांसाठीचं कार्ड. त्यावर आयुष्यभर व्हिसाशिवाय येता-जाता येतं, फ्लॅट घेता येतो. मतदान करता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही.

"आणि जमीन?" वडिलांनी विचारलं. घडी पहिल्यांदा सुटली.

निफाड तालुक्यात त्यांची वडिलोपार्जित सव्वा एकर द्राक्षबाग आहे. मुलाच्या नावावर बक्षीसपत्र करायचं त्यांच्या मनात होतं, ते घरात कोणालाच माहीत नव्हतं. ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र मिळते. हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे मी गेल्यावर." मुलगा एकदम म्हणाला, "बाबा, प्लीज."

इथे मी थांबले. बऱ्याच घरांत खरी गाठ असल्या एखाद्या वाक्यात असते. पासपोर्टचं भांडण वाटतं, पण वडिलांना जिवंतपणी काहीतरी हातात द्यायचं असतं आणि ते घ्यायला मुलगा इथे नसणार असतो. मी त्यांना म्हटलं, "दादा, बागेचं काय करायचं हे पासपोर्टच्या आधी ठरवू या का? ते तुम्ही दोघं बसून ठरवा." पुढच्या रविवारी बापलेक बागेत गेले. काय बोलले ते मी विचारलं नाही.

आईची गाठ वेगळी निघाली. पासपोर्टसाठी तिचा जन्मदाखला लागणार होता. ट्रंकेतून एक छोटा कागद निघाला, त्यावर तिच्या आईवडिलांची नावंच नव्हती. तिथे असा एक संक्षिप्त दाखला असतो. अर्जाला आईवडिलांच्या नावांसह पूर्ण दाखला लागतो. त्याची प्रत तिथल्या नोंदणी कार्यालयातून घरबसल्या मागवता येते. एजंटने यासाठी जेवढे पैसे सांगितले होते, त्याच्या तुलनेत सरकारी शुल्क अगदीच किरकोळ होतं.

दाखला आला, आणि नवीच अडचण उभी राहिली. त्यावर तिचं माहेरचं नाव होतं. मुलाच्या महापालिकेच्या दाखल्यावर सासरचं. नुसतं आडनाव नाही, पाळण्यातलं नावच वेगळं. १९९४ साली लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि जुनं त्या दिवशी संपलं. लग्नाची नोंदणीही केलेली नव्हती. आता ही दोन नावं म्हणजे एकच बाई, हे इंग्लंडमधल्या अधिकाऱ्याला पटवायला हवं होतं. मग लग्नाची उशिरा नोंदणी, प्रतिज्ञापत्र, राजपत्र, सगळं आलं. आपल्याकडच्या किती घरांत हा अडथळा येतो! ज्यांना पुढे कधी आईकडून हक्क सांगायचा आहे, त्यांनी लग्नाची नोंदणी आणि नावबदलाचे कागद आजच करून ठेवावेत, असं मी प्रत्येकाला सांगते.

तो दाखला ती माझ्याकडे घेऊन आली होती. पारदर्शक फायलीत, कोपरा दुमडू नये म्हणून मागे पुठ्ठा लावून. माहेरच्या नावावरून बोट फिरवत म्हणाली, "ताई, ह्यानं परवा फॉर्म भरताना हे नाव मोठ्यानं वाचलं. तीस वर्षांनी आमच्या घरात कोणी घेतलं असेल." मग हळूच म्हणाली, "हा तिकडे गेला तर दोष माझा, असंच मला वाटत होतं. माझ्यामुळे ही वाट निघाली ना."

वडील शेजारीच बसले होते. इतके दिवस त्यांचा राग मुलावर आहे असं सगळे धरून चालले होते. ती मात्र तो स्वतःवर ओढून घेत होती, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ते काही बोलले नाहीत. फाईल तिच्या हातातून घेतली, प्रकाशाकडे धरली, कागदाची जाडी चिमटीत पाहिली. प्रेसमधल्या माणसाची सवय. म्हणाले, "छपाई चांगली आहे."

ती हसली. मला वाटतं, महिन्याभरात पहिल्यांदाच.

मुलाला मी एकच काम दिलं होतं: जायचं का, हा प्रश्न बाजूला ठेवून 'परत यावंसं वाटलं तर काय' हे लिहून आण. कारण मुलं जाण्याचा हिशेब पैशापैशाचा मांडतात आणि परतीचा मांडतच नाहीत. ओसीआय होऊन पाच वर्षं झाली आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलं, तर पुन्हा भारतीय नागरिकत्व मागता येतं. वाट आहे, पण लांबची. त्याने दोन पानं लिहून आणली. त्यात पगार होता, भाडं होतं, आईचा गुडघा होता, आणि लग्न ठरलेल्या मुलीचं नाव तीनदा होतं. तिला नवऱ्याच्या नागरिकत्वाने काही आपोआप मिळणार नव्हतं. वेगळा व्हिसा काढावा लागणार होता, आणि त्यासाठी २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंडांच्या मिळकतीची अट आहे. हे तिला सांगितलं का, असं मी विचारलं. नव्हतं सांगितलं. मग पुढच्या वेळी तीही आली.

ठरायला सात महिने लागले. त्याने जायचं ठरवलं. बाग वडिलांच्याच नावावर राहिली, कसायला चुलतभावाकडे गेली. जाऊ नकोस असं मी म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. घाईत होऊ नये आणि तिघांपैकी कोणाच्या पाठीमागे होऊ नये, एवढंच मी बघत होते.

शेवटच्या भेटीत वडिलांनी मुलाचा निळा पासपोर्ट मागून घेतला. अंगठ्याने कडेवरून पानं सोडली, शिवणीवर नख फिरवलं.

"छत्तीस," म्हणाले. मग मुलाला विचारलं, "जमा केला की रद्दचा शिक्का मारून परत देतात म्हणालास ना?"

"हो बाबा."

"मग आला की माझ्याकडे पाठवायचा. तुझ्याकडे हरवेल."