पहिल्यांदाच रत्नागिरीला निघालास तर

बाबा रे, लातूरचं ४२ अंशांचं ऊन सोसलेल्याला रत्नागिरीचे ३३ अंश किरकोळ वाटतात. तिथंच फसगत होते. आपल्याकडं हवा कोरडी, घाम वाळतो आणि अंग गार होतं. तिथल्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता निथळतो. सुती, सैल कपडे ने आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पीत राहा.

सोलापूर, कोल्हापूर करून आंबा घाट दिवसाउजेडी उतर. थिबा राजवाडा लेकरांना दाखव. ब्रह्मदेशाचा तो राजा १९१६ साली रत्नागिरीतच वारला.

समुद्राचं मात्र नीट ऐक. भरती बहुतेक दिवसांत दोनदा येते आणि रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते, म्हणून कालची वेळ आज धरू नको. गणपतीपुळ्याला परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. लेकरांना घोट्याच्या वर पाण्यात सोडूच नको.

मावशीकडं तूरडाळ आणि ज्वारीचं पीठ घेऊन जा. पीठ आदल्या दिवशीच दळ, जुन्या पिठाची भाकरी थापताना तुटते. माझी बहीण तिकडं दिलीय. पिशवी उघडली की ती आधी डोळे मिटून पिठाचा वास घेते, मगच तवा ठेवते.