सगळं तूच केलंस, तर बाकीचे काय करणार?

*मावशी, मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. पाच वर्षांपूर्वी आम्ही चार-पाच टेस्टर महिन्यातल्या एका शनिवारी भेटायला लागलो. आज व्हॉट्सॲप ग्रुपवर सहाशेच्या वर माणसं आहेत. प्रत्यक्ष भेटीला तीस-पस्तीस येतात. वक्ता, हॉल, पोस्टर, चहा, प्रोजेक्टरची वायर, ग्रुपवर घुसणारे जाहिरातवाले, सगळं माझ्याच गळ्यात. सुरुवातीची मंडळी पांगली. 'कुणी मदत कराल का?' असं टाकलं की अंगठे चाळीस येतात, माणूस एक येत नाही. मागच्या महिन्यात ऑफिसातल्या रिलीजपायी, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ग्राहकाकडे जाणार म्हणून, रात्री दोनपर्यंत जागून सकाळी हॉलवर गेले, तर एक गृहस्थ म्हणाले, 'या वेळी चहा गारच होता.' मी बाथरूममध्ये जाऊन रडले. नवरा म्हणतो, बंद कर. एक ज्येष्ठ सदस्य म्हणतात, संस्था रजिस्टर कर, म्हणजे शिस्त येईल. एक क्लासवाले हॉल आणि नाश्ता फुकट देतो म्हणतात, त्यांना फक्त सदस्यांचे नंबर हवेत. बंद केलं तर पाच वर्षं पाण्यात गेल्यासारखी वाटतील. काय करू?*
*— दमलेली संयोजक, कोथरूड*

अगं, आधी त्या चहावाल्या गृहस्थांचं बघू. ते वेळेवर आले, चहा प्यायले आणि तो कसा होता याची त्यांनी नोंदही घेतली. म्हणजे माणूस मनापासून येतो. आज संध्याकाळी त्यांना फोन कर. मेसेज नको, फोनच. म्हणावं, "पुढच्या शनिवारचा चहा तुम्ही बघाल का? पस्तीस कप, साडेदहाला थर्मास हॉलवर हवा, पैसे आत्ता पाठवते. फक्त या एका वेळेपुरतं." बघ, बहुतेक हो म्हणतील. पुण्यात खोड काढणाऱ्याच्या हातात काम दिलं की तो ते चोख करतो, कारण आता दुसरे त्याची खोड काढणार असतात.

सहाशे जणांना एकदम विचारलेला प्रश्न कुणालाच विचारलेला नसतो. प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणी तरी पुढे होईल, आणि अंगठा दाखवून तो मोकळा होतो. शिवाय तुझ्याकडे पाहून लोक मनात घाबरलेलेही असतात. एकदा हो म्हटलं की पाच वर्षं सुटका नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय ना! म्हणून एका माणसाला, त्याच्या नावाने, एकच काम, आणि ते कधी संपणार हे सांगून माग. 'पोस्टरचं बघ' असं मोघम नको. 'बुधवारपर्यंत पोस्टर, मजकूर मी देते, हा एकच महिना' असं सांग.

आणि मग खरी अवघड गोष्ट तुझ्याकडे येते. ते पोस्टर तुझ्याइतकं चांगलं होणार नाही. अक्षरं वेडीवाकडी असतील, पिवळ्यावर पांढरं लिहिलेलं असेल. रात्री अकराला तुझे हात शिवशिवतील आणि 'थोडंसंच बदललंय हं' म्हणून तू नवं पोस्टर टाकशील. ते करू नकोस. तारीख किंवा पत्ता चुकला असेल तरच हात लाव. ज्याचं काम न विचारता बदललं जातं, तो पुढच्या महिन्यात फोन उचलत नाही. तुझी जुनी मंडळी पांगली त्यात असं काही झालं होतं का, ते एकदा मनाशी तपास. मी आरोप करत नाहीये. पण पत्रात 'माझ्याच गळ्यात' हे तू ज्या सुरात लिहिलंयस, त्यात तक्रारीबरोबर थोडा अभिमानही ऐकू येतो.

दमण्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात 'बर्नआउट'ची तीन लक्षणं सांगितली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा तिटकारा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. त्यांनी ते नोकरी-व्यवसायापुरतंच मांडलंय, तुझ्या शनिवारचा कुणी पगार देत नाही. तरी मधलं लक्षण लक्षात ठेव. दमणूक झोपेने भरून निघते. ग्रुपचा मेसेज वाजला की चीड यायला लागली, आलेली माणसं फुकटी वाटायला लागली, तर नुसत्या झोपेने भागणार नाही. तिथे काम कमीच करावं लागतं.

आता कमी काय करायचं? दर महिन्याला वक्ता हवा, हे कुणी ठरवलं? एक आड एक महिना वक्ताच बोलावू नकोस. त्या दिवशी प्रत्येकाने आपल्या हातून निसटून थेट ग्राहकापर्यंत गेलेला एक डिफेक्ट, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, सांगायचा. कंपनीचं नाव नाही, ग्राहकाचा डेटा नाही, स्लाइड नाहीत. २९ फेब्रुवारीला कोसळलेला रिपोर्ट कुणाकडे असेल. आपल्या आणि यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, घड्याळातल्या साडेपाच तासांमुळे पहाटेच्या ऑर्डरवर आदल्या दिवसाची तारीख पडल्याची गोष्ट तर दोघा-तिघांकडे निघेल. टेस्टरांना यापेक्षा जास्त रस कशात असतो? तीस माणसांना दोन तास पुरणार नाहीत. प्रोजेक्टरची वायर घरीच राहू दे. आणि आजवर जो कोपऱ्यात गप्प बसायचा, तो त्या दिवशी बोलतो. पुढचा मदतनीस तुला तिथेच सापडेल.

जागा आणि वार कायमचे ठरवून टाक. हिंजवडीवाल्यांना खराडी लांब, खराडीवाल्यांना हिंजवडी परदेश. त्यावर दर महिन्याला मतदान घेण्यातच तुझा आठवडा जात असणार. शिवाजीनगरला न्यायालयाजवळ मेट्रोच्या पिंपरी–स्वारगेट आणि वनाज–रामवाडी या दोन्ही मार्गिका भेटतात, तिथून चालत जाता येईल असा हॉल बघ. दुसरा शनिवार म्हणजे दुसरा शनिवार. गणपतीत आणि मे महिन्यात सरळ सुट्टी जाहीर कर. पुण्यात गणपतीत कोण कुठे वेळेवर पोचतं?

ग्रुप वाढवायच्या नादी तर लागूच नकोस. व्हॉट्सॲप १०२४ माणसं घेतं, म्हणून तेवढी भरायची असं नाही. येतात ती तीस-पस्तीस माणसं म्हणजे तुमचा ग्रुप, बाकीची सूचना वाचणारी मंडळी. त्यांच्यासाठी फक्त ॲडमिननेच लिहायचं असं सेटिंग लाव, जाहिरातवाल्यांचा प्रश्न पाच मिनिटांत मिटेल. नोकऱ्यांचे मेसेज वेगळ्या ग्रुपवर, आणि त्याची ॲडमिन तू नाहीस. हिंजवडीत कुणाला संध्याकाळची वेगळी भेट सुरू करायची असेल तर खुशाल करू दे, पण तीही त्यांनीच चालवायची.

रजिस्ट्रेशन सध्या नको. १८६०च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात माणसं लागतात. महाराष्ट्रात त्याबरोबर १९५०चा विश्वस्त कायदाही लागू होतो. म्हणजे दरवर्षी तपासलेले हिशेब द्यायचे आणि कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज करायचा. ते कागद घेऊन कोण जाणार? तूच. पोस्टर करायला माणूस नाही, तिथे सात सह्या कुठून आणशील? त्या ज्येष्ठांना एवढीच हौस असेल तर हिशेब त्यांच्याकडे दे. दारात प्रत्येकी पन्नास-शंभर रुपये वर्गणी घ्यायची, आणि हॉल-चहाचा खर्च त्यांनी त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकायचा. तुझ्या खिशातून जाणारे पैसे आधी थांबव. पत्रात तू ते लिहिलेलं नाहीस, पण जात असणार.

क्लासवाल्यांना नाही म्हण. लोकांनी नंबर शनिवारची सूचना मिळावी म्हणून दिलेत, समोशांच्या बदल्यात ते वाटायचा अधिकार तुला नाही. त्यांची पत्रकं दाराशी टेबलावर ठेवू देत, तेवढं पुरे.

राहिला बंद करण्याचा प्रश्न. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. काही वर्षांतच सरकारने त्यांची बदली नाशिकला आणि पुढे धुळ्याला केली, १९०१ मध्ये ते गेले. व्याख्यानमाला पुण्यात आजही भरते. तुझा ग्रुप दीडशे वर्षं चालावा असं माझं म्हणणं नाही, पण तुझ्याविना तीन महिने चालतो का हे तरी बघ. येत्या शनिवारी समोर उभी राहून सांग, की दिवाळीपर्यंत मी वक्त्यांशी बोलण्याचं एकच काम करणार. बाकीची कामं फळ्यावर लिही, नावं तिथेच घे. एखाद्या कामापुढे नाव आलं नाही, तर त्या महिन्यात ते होणार नाही. हॉलला नाव आलं नाही तर भेट रद्द. रद्द झाली म्हणून तू फोनाफोनी करायची नाहीस.

दिवाळीपर्यंत कुणीच पुढे आलं नाही, तर बंद कर. त्यात तुझी हार नाही. कुणाला इथल्या ओळखीने नोकरी लागली असेल, कुणी ऑटोमेशन इथेच शिकलं असेल, ते काही परत जात नाही. हिशेब पुरा करायचा, आभाराचा एक मेसेज टाकायचा, आणि ज्या चार जणांशी बोलावंसं वाटतं त्यांना घरी जेवायला बोलवायचं. नवऱ्यालाही हे सगळं सांग. रात्री दोनला तुला लॅपटॉपसमोर तोच पाहतो, त्याचं 'बंद कर' हे ग्रुपबद्दल कमी आणि तुझ्याबद्दल जास्त आहे.

आणि एक. रिलीजच्या आठवड्यात शनिवार आला तर हॉलवर जायचंच नाही. किल्ली कोण आणतं? तूच ना? मग येत्या शनिवारी आणखी दोघांना बरोबर घेऊन जा आणि वॉचमनशी त्यांची ओळख करून दे.