ऑपरेशनआधी लावलेल्या सवयी नंतर टिकतात का?

तुम्ही विचारलंय की बाबांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन ४ आठवड्यांवर आलंय, चालणं, श्वासाचे व्यायाम, प्रोटीन, तंबाखू बंद हे सगळं सुरू केलंय पण नंतर ते टिकतं का. मी जळगावात फिजिओथेरपिस्ट आहे, ऑपरेशनआधी पेशंटची तयारी करून घेणं हेच माझं रोजचं काम, तर जे बघितलंय ते सांगते.

आपोआप नाही टिकत. समोर तारीख असते, पोटात भीती असते म्हणून सगळे मन लावून करतात, आणि टाके निघाले की दोन्ही जातं. पारोळ्याकडचे एक काका स्पायरोमीटरच्या, म्हणजे श्वास ओढून आतले चेंडू वर उचलायच्या यंत्राच्या, तिन्ही गोळ्या वर धरून ठेवायचे, ६ मिनिटं चालायच्या टेस्टमध्ये आधीपेक्षा बरंच लांब जायला लागले, ऑपरेशनही छान झालं, आणि तीन महिन्यांनी तपासणीला आले तर खिशात चुन्याची डबी. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "व्हयी गयं ना ऑपरेशन, आते काय." मला फार लागलं ते, कारण मी त्यांना ऑपरेशनपर्यंतचंच सांगितलं होतं, पुढचं सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी घरातलं माणूस सोबत बसवते. अमळनेरकडच्या एका आजींचं वर्ष होऊन गेलं तरी चालू आहे, कारण सून सोबत निघते आणि चालणं दूध आणण्याला जोडलंय, व्यायाम म्हणून वेगळा वेळ काढावाच लागत नाही. आणि घरातल्या सगळ्यांची शेवभाजी कमी झाली, एकट्या आजींची नाही.

बाबांना हे पण सांगा की पुढे चालू ठेवण्याचा फायदा मोजलेला आहे. २०२५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला, याच आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ पेशंट, ऑपरेशन आणि केमो झालेले. ज्यांच्याकडून ३ वर्षं नीट व्यायाम करून घेतला त्यांच्यात ५ वर्षांनी कॅन्सर परत न येता जगणारे ८० टक्के होते, ज्यांना नुसती माहिती दिली त्यांच्यात ७४.

ऑपरेशननंतर लगेच कळण्याची भाकरी, मटकी असलं जड सुरू करू नका, आतडं जुळेपर्यंत सर्जन सांगतील तेच, तोवर अंडं, ताक, पनीर चालतं का ते त्यांनाच विचारा. वजन उचलणं पण ते सांगतील तोवर नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ ला जातो, तर सकाळी सातच्या आत नाहीतर ओसरीतच फेऱ्या.

तंबाखूचं मात्र आत्ताच बघा. घरात भाऊ, काका कोणी खात असेल तर त्यांनाही आजच बंद करायला लावा, समोर कोणी मळत बसलं की बाबांचा हात जाणारच. १८००-११-२३५६ ही सरकारी फुकट हेल्पलाइन आहे, बाबांना आणि घरात खाणाऱ्या दुसऱ्यालाही तिथे फोन लावून द्या.